वहीतला कर आणि तिजोरीतला पैसा

पनवेल तालुक्यातल्या आमच्या बचतगटांच्या बैठकीत महागाईचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "आपण साबणापासून तेलापर्यंत सगळ्यावर कर भरतो. मग बंगलेवाल्यांवर, गाडीवाल्यांवर जास्त कर लावला तर सरकारची तिजोरी भरणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात हे करून पाहिलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. आणि ते करणाऱ्यांत आपल्या रायगड जिल्ह्याचा एक माणूसही होता. आज तोच इतिहास सांगतो.

आधी गरिबांवरच्या कराची गोष्ट. पनवेल, पेण, उरणची मिठागरं आपल्याला नवी नाहीत. इंग्रजांनी मिठावर कर लावला होता. तो वसूल करणं सोपं होतं, कारण मिठावाचून कुणाची चूल चालत नाही. सावकाराच्या घरी जेवढं मीठ लागतं, तेवढंच मजुराच्या घरी लागतं. म्हणजे कमाई वेगळी, पण कर जवळजवळ सारखाच. म्हणूनच १९३० साली गांधीजींनी सत्याग्रहासाठी मीठ निवडलं. १९४७ साली हा कर रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं की आता ज्याच्याकडे जास्त आहे, त्याच्याकडून जास्त घ्यायचं.

त्या काळात देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाड तालुक्यातलं नाते हे त्यांचं जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. गावोगावच्या महिला मंडळांना आणि बालवाड्यांना या मंडळाने मोठा आधार दिला. देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्युकराचा कायदा झाला. श्रीमंत माणूस वारला की त्याच्या इस्टेटीतला काही भाग सरकारला द्यायचा. विचार असा, की संपत्ती पिढ्यान् पिढ्या एकाच घरात साचून राहू नये.

पुढे १९५६ साली निकोलस काल्डोर नावाचे इंग्लंडचे अर्थतज्ज्ञ सल्ला द्यायला आले. त्यांनी सांगितलं की संपत्तीवर कर लावा, मोठ्या खर्चावर कर लावा, पण त्याचबरोबर आयकराचा सर्वांत वरचा दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणा. दर फार चढा ठेवला तर माणूस तो चुकवायलाच बसतो, असं त्यांचं म्हणणं. सरकारने नवे कर लावले, दर मात्र उतरवला नाही. वैद्याने औषध आणि पथ्य दोन्ही सांगावं आणि आपण नुसतं औषध घ्यावं, तसं झालं.

दर चढतच गेले. १९७१ साली अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्या वर्षी अधिभार धरून आयकराचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्क्यांवर पोचला. हा दर सगळ्या कमाईवर नव्हता, वर्षाला दोन लाखांच्या वरच्या कमाईवर होता. पण त्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले पावणेअठ्ठ्याण्णव रुपये सरकारला जायचे आणि कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये उरायचे. त्यावर संपत्ती कर वेगळा. दोन्ही मिळून काही जणांचा कर कमाईपेक्षाही जास्त भरत होता.

आता मैत्रिणींनो, विचार करा, असा माणूस काय करेल? शंभर रुपये उघड दाखवले तर हाती सव्वादोन येतात. लपवले तर शंभरच्या शंभर राहतात. मग दोन वह्या आल्या, एक सरकारला दाखवायची आणि एक घरात ठेवायची. जमिनीचा व्यवहार अर्धा कागदावर आणि अर्धा रोखीत होऊ लागला. मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर गेली. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून दुसरीकडची कमाईही शेतीची म्हणून दाखवली गेली. हे सगळं करायला वकील लागतो, हिशेबनीस लागतो. ते श्रीमंताला परवडतं. पगारदाराला परवडत नाही, कारण त्याचा कर पगार हातात येण्याआधीच कापलेला असतो.

काळ्या पैशाचा शोध घेण्यासाठी सरकारने निवृत्त सरन्यायाधीश वांच्छू यांची समिती नेमली होती. १९७१ च्या अहवालात समितीने सांगितलं की करचुकवेगिरीचं एक मोठं कारण हे चढे दरच आहेत. समितीने दर ७५ टक्क्यांपर्यंत आणायला सुचवलं. आणि ज्या चव्हाणांच्या काळात दर शिखरावर गेला होता, त्यांनीच १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर आणला. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो ५० टक्के केला आणि मृत्युकर बंदच केला. मृत्युकराचा वरचा दर तोवर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, पण सगळ्या देशातून वर्षाला वसूल व्हायचे जेमतेम २० कोटी. वसुलीचा खर्चही त्या मानाने बराच होता. संपत्ती कराचं तेच. २०१३-१४ साली त्यातून आले १,००८ कोटी. २०१५ साली तो रद्द झाला. त्याऐवजी वर्षाला एक कोटीपेक्षा जास्त कमाई असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला आणि त्यातून ९,००० कोटी मिळतील असा अंदाज अर्थमंत्र्यांनी संसदेत मांडला. म्हणजे श्रीमंतांवरचा कर गेला नाही. जिथे लपवणं सोपं होतं तिथून उचलून, जिथे लपवणं कठीण आहे तिथे लावला.

मग काही जणी म्हणतील, श्रीमंतांवरचा कर कमी करत जावं म्हणजे तिजोरी भरेल. तसंही नाही. ९७ वरून ७७ केल्यावर लपवालपवीचा मोह थोडा कमी होतो. पण ३० वरून २० केलं तर सरळ सरळ दहा रुपये जातात, आणि ते परत येतीलच असं कुणी सांगू शकत नाही. १९८५ नंतर आयकराची वसुली वाढली खरी, पण तेव्हा दर उतरवण्याबरोबर धाडीही वाढल्या होत्या. एकट्या दराला श्रेय देता येत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राची गोष्ट, जी आपल्यातल्या कितीतरी जणींच्या आईने, सासूने डोक्यावर पाटी घेऊन पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, बांध घालायला गेली. मजुरांत बायका मोठ्या संख्येने होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कामाच्या हमीची कल्पना मांडली होती, ती तेव्हा रुजली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. पण पैसा आणायचा कुठून? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातला नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडा कर द्यायचा. बागायती जमिनीवर आणि शहरातल्या बिगर-राहत्या जागांवरही उपकर लागला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, असं कायद्यात लिहिलं गेलं.

राज्यघटनेच्या मर्यादेमुळे व्यवसाय कर तेव्हा माणशी वर्षाला २५० रुपयांच्या पुढे नेता येत नव्हता. १९८८ साली ही मर्यादा २,५०० झाली. म्हणजे कर अगदी छोटा. तरी तो वर्षानुवर्षं येत राहिला, कारण नोकरदाराचा तो पगारातूनच कापला जातो आणि भरणारे लाखो आहेत. या पैशातून रस्ते, पाझर तलाव झाले आणि बायकांच्या हातात स्वतःची मजुरी आली. २००५ साली देशासाठी असाच कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

या करालाही दोष आहेत. मोठ्या कंपनीचा साहेब आणि कारकून, दोघेही जवळजवळ तेवढाच कर भरतात, हे न्यायाचं नाही. जमलेला सगळा पैसा मजुरांपर्यंत पोचत नाही, अशी टीकाही अनेक वर्षं झाली. पण एक धडा पक्का आहे. दर वाढवला म्हणून पैसा आपोआप येत नाही. नोंद पक्की हवी, पळवाट बुजलेली हवी आणि पैसा कुठे जातो हे लोकांनी बघायला हवं. हे तीन नीट असेल, तर श्रीमंतांकडून जास्त घेणं जमतं आणि ते योग्यही आहे.

हे दिल्ली-मुंबईचंच नाही, आपल्या गावाचंही आहे. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आपल्या ग्रामपंचायती आहेत आणि गावांच्या कडेला फार्महाऊस वाढत आहेत. समजा, गावात ३०० घरांची नोंद आहे आणि २० मोठी फार्महाऊस नोंदीतच नाहीत. घरपट्टी दुप्पट केली तरी त्या वीस जणांकडून येणार शून्य. दुप्पट भरणार त्या ३०० घरांतल्या आपणच. पण ती वीस घरं त्यांच्या खऱ्या मापाने नोंदीत आली, तर दर एक पैसा न वाढवता पंचायतीचं उत्पन्न वाढेल. तोच पैसा नळाला, दिवाबत्तीला, अंगणवाडीला येईल.

ग्रामपंचायतीत नमुना ८ नावाची कर आकारणीची नोंदवही असते. कुठल्या घराचं माप किती आणि त्यावर कर किती, हे तिच्यात लिहिलेलं असतं. पुढच्या महिला ग्रामसभेत आपल्या गटाने दोन प्रश्न विचारावेत. गावातली सगळी मोठी बांधकामं या वहीत आहेत का? आणि ज्यांची घरपट्टी थकली आहे, त्यांत मोठे किती आणि छोटे किती? दोघी-तिघींनी मिळून जा, वही बघा आणि आकडे लिहून आणा. आपल्या गटाची वही आपण दर महिन्याला पैशापैशाने तपासतो, तशी ही वहीसुद्धा आपण तपासू शकतो.