प्लेग, अफवा आणि विश्वास



विज्ञान खरे की धर्म खरा, हा वाद आजकाल घरोघरी चालतो. पारावर चालतो, जिनिंगच्या फाटकापाशी चालतो आणि खिशातल्या फोनवर तर रात्रंदिवस चालतो. लस टोचून घ्यावी की न घ्यावी, डॉक्टरचे ऐकावे की बुवाचे, वर्तमानपत्र खरे की फोनवर आलेला मजकूर खरा, यावरून सख्ख्या भावांत अबोला झाल्याची उदाहरणे आपल्या यवतमाळातही आहेत. हा गोंगाट ऐकणाऱ्याला वाटते की असले काही पूर्वी कधी घडलेच नव्हते. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. हमाल, मापारी आणि जिनिंगमधले मजूर यांच्या संघटनेत माझी हयात गेली आणि जे काही वाचन झाले ते रात्री, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आधाराने. परंतु त्या वाचनात एक प्रकरण मला असे आढळले की, त्यात आजचे सारे वाद जसेच्या तसे दिसतात. ते म्हणजे १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचे प्रकरण. आज त्याचाच विचार आपण करावयाचा आहे.

मुंबईचा गिरणी कामगार

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपालिटीने हुकूम काढला की, रोगी आढळला की त्याला सक्तीने रुग्णालयात न्यावे. आर्थर रोडच्या रुग्णालयात गाड्या भरभरून रोगी जाऊ लागले. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. अधिकाऱ्यांना हुकूम सैल करणे भाग पडले.

कामगार का चिडले? गावात अफवा उठल्या होत्या. रुग्णालयात माणसाला उलटे टांगून त्याची मोमियाई काढतात, ही एक अफवा. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले म्हणून राणी कोपली आहे आणि तिच्या समाधानासाठी रोग्यांची काळजे विलायतेस पाठवितात, ही दुसरी. इंग्रजी पत्रांनी निकाल देऊन टाकला की हे लोक अडाणी, धर्मभोळे. पुष्कळशा आपल्या शिकलेल्यांचेही मत त्याहून फारसे निराळे नव्हते.

परंतु आपण त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहू. रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही, हे तो डोळ्यांनी पाहत होता, आणि ते खोटे नव्हते. लोक भीतीपोटी रोगी लपवीत. तो रुग्णालयात पोचे तेव्हा उपचारापलीकडे गेलेला असे, आणि त्याचा मृत्यू झाला की भीती आणखी वाढे. नेणारा शिपाई त्याची भाषा बोलत नव्हता. तिथे जेवण कोण देणार, पाणी कोणाच्या हातचे, याची त्याला खात्री नव्हती. रोज कमावून रोज खाणाऱ्याला कोंडून ठेवले तर घरी चूल कशी पेटेल, या प्रश्नाला कोणापाशीच उत्तर नव्हते. मोमियाईची गोष्ट खोटी होती. पण ज्या जमिनीत ती रुजली ती जमीन खरी होती. अफवेला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणारा माणूस ही जमीन कधी तपासीत नाही. पुढे जातीजातींची आणि पंथापंथांची स्वतंत्र रुग्णालये निघाली तेव्हा तेच लोक तिथे जाऊ लागले. तोवर धर्म बदलला नव्हता, की विज्ञानही बदलले नव्हते. बदलले ते एवढेच, की आता उशाशी बसणारा माणूस ओळखीचा होता.

सरकारचे विज्ञान

दुसऱ्या बाजूचेही पाहिले पाहिजे. प्लेगचा जंतू येर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ साली हाँगकाँग येथे शोधला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे १८९६ साली कोणालाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू हे त्याचे वाहन आहे, असे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखविले, आणि त्यालाही पंडितांनी पुढे काही वर्षे हसण्यावारीच नेले. तेव्हा मुंबईचे अधिकारी काय करीत होते? गटारे धूत होते, कार्बोलिकचे पाणी ओतीत होते, अंथरुणे जाळीत होते, घरांची छपरे उघडीत होते. गटारे धुतली की त्यातले उंदीर शेजारच्या आळीत पळत!

आणि आपला खेडूत काय करीत होता? घरात उंदीर पडू लागले की तो गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत होता. पिसवेचे शास्त्र त्याला माहीत नव्हते, पण अनुभव होता, आणि या एका बाबतीत तो अनुभव सरकारी शहाणपणापेक्षा खऱ्याच्या अधिक जवळ होता. याचा अर्थ विज्ञान खोटे आणि परंपरा खरी, असा कोणी काढू नये. त्याच परंपरेने प्लेग हा देवीचा कोप ठरवून नवसही बोलायला लावले. अर्थ एवढाच की, ‘आम्हांला एवढे कळले आहे आणि एवढे अद्याप कळलेले नाही’ असे जे विज्ञान सांगते ते विज्ञान, आणि हातात दंडुका घेऊन ‘सर्व कळले आहे’ असे सांगते ती सत्ता. लोक दोहोंत फरक करीत नाहीत, कारण दोघांच्या अंगावर एकच डगला असतो.

पुण्यातली पत्रे

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. हाच कायदा २०२० साली करोनाच्या वेळी पुन्हा बाहेर काढण्यात आला. या कायद्याच्या बळावर रँडसाहेबाने पुण्यात गोऱ्या सोल्जरांकरवी घरांची झडती सुरू केली. देवघरात, स्वयंपाकघरात बूट गेले. बायकांची तपासणी चव्हाट्यावर झाली. टिळक पुण्यातच राहिले, त्यांनी हिंदूंसाठी रुग्णालय काढविले, आणि आरोग्याचे उपाय हवेत पण जुलूम नको, अशी दुहेरी भूमिका ‘केसरी’तून मांडली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सांगितले की, सोल्जरांनी स्त्रियांची अब्रू घेतली आहे. पार्लमेंटात प्रश्न झाला, मुंबई सरकारने साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला. गोखले परत आले. पत्रे लिहिणारी माणसे पुढे येईनात. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत आणि ऑगस्ट १८९७ मध्ये जाहीर माफी मागितली. त्यांना भेकड म्हणणारे स्वकीय त्या वेळी थोडे नव्हते.

मला या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेणे, हा सार्वजनिक जीवनातला सचोटीचा नियम गोखल्यांनी पाळला. आज किती जण तो पाळतात? परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. सिद्ध झाले नाही म्हणजे घडलेच नाही, असे नव्हे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला साक्ष देण्याची हिंमत अनेकदा नसते. मजुराची तक्रार घेऊन मी आजवर अनेक कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: नाव सांगा, सही आणा. नाव सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्या मजुराचे काम जाते. मग साहेब म्हणतात, तक्रार खोटी होती. साक्षीदाराला संरक्षण नाही तिथे खरी बातमीदेखील अफवेसारखी, कानाकानांतून फिरते. आणि मग खरी कोणती व खोटी कोणती, हे ओळखणे शहाण्यालाही कठीण होते.

हाफकिनची सुई

आता या कथेतील सर्वांत उद्‌बोधक माणसाकडे वळू. वाल्डेमार हाफकिन हा रशियन साम्राज्यातील ओडेसाचा ज्यू. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा काढा लागतो. हिंदूंच्या भावना जाणून त्याने त्यासाठी बकऱ्याचे मांस वापरले. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस पहिल्याने स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि तीही नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत. त्याला ताप भरला, वेदना झाल्या, तो बरा झाला. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी पुढे आले त्यांना ती टोचली. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतःला लस टोचून घेतली. ते पाहून त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. विज्ञान आणि धर्म यांचे हाडवैर आहे असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

पण पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले, आणि लोकांचा लसीवरचा विश्वास उडाला. पुढे तपासात असे निघाले की बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली विलायतेच्या पत्रांतून आवाज उठविला तेव्हा हाफकिन निर्दोष ठरला. एका चिमट्याची हकीकत जगासमोर यावयास पाच वर्षे लागली! तेवढ्या काळात प्लेगने लाखो माणसे नेली. ती हकीकत पहिल्याच महिन्यात स्पष्टपणे लोकांपुढे ठेवली असती तर किती जणांनी पुन्हा दंड पुढे केला असता, याचा हिशेब कोण मांडणार? मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिनचे नाव मिळाले.

आमच्या चळवळीचे आद्यपुरुष नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव इथे घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. प्लेगच्या दिवसांत निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. लोखंडे राहिले, रोग्यांत वावरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच वारले. त्यानंतर महिनाभराने, १० मार्च रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या दोघांनी लोकांना ‘विश्वास ठेवा’ असे व्याख्यान दिले नाही. ते लोकांजवळ राहिले.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

हे सारे जुने आणि दूरचे, असे कोणी म्हणू नये. २०१७ सालच्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसाच्या वर माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. चौकशीत मजुरांकडे बोट दाखविले गेले: त्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. बाटलीवर सूचना छापलेली असते, हे खरे. विषाचा जोर दाखविणारा रंगीत त्रिकोणही असतो. पण रोजंदारीवर फवारणीला जाणाऱ्या मजुराच्या हाती बाटली येतच नाही. त्याच्या पाठीवर येतो तो भरलेला पंप. बारीक अक्षरांत छापलेली माहिती कागदोपत्री ‘दिली’ गेली, ती पोचली मात्र नाही. आणि दिलेली माहिती व पोचलेली माहिती यांतल्या अंतरात माणसे मेली.

३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसीकोपरी येथे १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुले सुदैवाने बरी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. ज्या पोलिओच्या मोहिमेने २०१४ साली हा देश पोलिओमुक्त ठरविला त्याच मोहिमेतली ही घटना. त्या मुलांच्या आयांनी पुढच्या खेपेस लेकरू पुढे करताना हात आखडता घेतला तर आपण त्यांना अडाणी म्हणणार काय? मुलकोवालच्या चिमट्याची गोष्ट ठाऊक असलेला माणूस तसे म्हणणार नाही. तो म्हणेल, दोन बाटल्या एका टेबलावर कशा आल्या ते आधी त्या आईला समजावून सांगा.

परंतु सत्तेवरचा अविश्वास म्हणजे वाटेल त्या बोलण्यावरचा विश्वास नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या, फोनवरून पसरलेल्या अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले. ते कोण, कुठले, हे विचारण्याइतकाही धीर कोणाला झाला नाही. आर्थर रोडवर चालून गेलेल्या कामगारांचा राग मी समजून घेऊ शकतो, कारण तो बळजबरी करणाऱ्या सत्तेवर होता. राईनपाड्याचा राग आपल्याहून दुबळ्यांवर होता. त्याला समजून घेण्यासारखे काही नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. कोणतीही गोष्ट कानी आली की, ती सांगणारा विज्ञानाच्या बाजूचा आहे की धर्माच्या, हे विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावे. हा माणूस मला जे करावयास सांगतो ते त्याने स्वतः केले आहे काय? चूक निघाली तर तो हिशेब द्यावयास समोर उभा राहणार आहे काय? आणि हे खोटे ठरले तर मार कोणाला बसणार आहे, त्याला की तिसऱ्याच गरिबाला? हाफकिन पहिल्या प्रश्नाला उतरला. गोखले दुसऱ्याला उतरले. तिसरा प्रश्न राईनपाड्यात कोणी विचारला नाही.

संघटनेच्या सभेत आमचा एक जुना रिवाज आहे. वर्षाचा जमाखर्च वाचून झाला की कोणत्याही सभासदाने, तो सही करू शकत नसला तरी, उठून एकेका रकमेचा जाब विचारावा आणि चिटणिसाने त्याला समजेपर्यंत उत्तर द्यावे. यात वेळ जातो, कधी आवाजही चढतात. पण जाब विचारणाऱ्याला संघटनेचा वैरी कोणी म्हणत नाही. दवाखाना, शाळा, वर्तमानपत्र आणि देऊळ यांनी हा रिवाज उचलला, तर आपल्या गावातील पुष्कळ भांडणे मिटतील. आणि जी उरतील ती निदान खऱ्या प्रश्नांवरची असतील.