आधी ‘फकिरा’, मग ‘यमुनापर्यटन’

जालना जिल्ह्यात वाचनकट्टा सुरू करायचा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: कादंबऱ्या कशाला, बाबासाहेबांचे खंड वाचा! खंड वाचायचेच आहेत, मित्रांनो. पण अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ती काय करमणूक म्हणून?

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चे (१८५७) नाव घेतले जाते. विषय विधवांचे दुःख. कोणत्या विधवांचे? जिथे पुनर्विवाहाला बंदी होती त्या उच्चवर्णीय घरांतल्या. आमच्या वस्त्यांत पाट लागत होता. आमच्या बायांचे दुःख वेगळे होते. पदमनजींसारखेच ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले, धर्मांतरित अस्पृश्यांसाठी त्यांनी बेथेल वसवले. म्हणजे आमची माणसे समोर होती. तरी ‘फकिरा’ यायला शंभर वर्षे गेली, आणि ती मांगवाड्यातल्याच माणसाने लिहिली. दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटणारा नायक दुसरा कोण उभा करणार होता?

‘ती मातंगांची कादंबरी’ म्हणत काही बौद्ध पोरे बाजूला सरतात. उपवर्गीकरणाच्या वादात तर हे अंतर वाढतेच आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, पहिली ‘फकिरा’. दुसरी बाबूराव बागुलांची ‘सूड’ (१९७०), कारण तिच्या केंद्रस्थानी बाई आहे. ‘यमुनापर्यटन’ तिसरी, वगळायची मुळीच नाही, वाद घालत वाचायची. आणि मोठ्याने वाचा, म्हणजे शाळा न पाहिलेली आईही कट्ट्यावर बसेल. अण्णा भाऊ तरी कुठे शाळेत रमले होते!