गोठण

आमच्या वाडीच्या वर, सड्यावर, वडाखाली एक जागा आहे. तिला अजून गोठण म्हणतात. आता तिथे गुरं नसतात. लहानपणी मला वाटायचं, गुराखी दमतो म्हणून भर दुपारी गुरं तिथे बसवतो. आजोबा हसले होते. "तसा नाय रे. गोरवां बसान खातत."

हे वाक्य शब्दशः खरं आहे, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर वाचताना कळलं. गाय चरताना गवत धड चावतच नाही. जिभेने ओढते, गिळते. बसल्यावर तोच घास कोठीपोटातून परत तोंडात येतो. या रवंथाला दिवसाचे सात-आठ तास जातात, जवळपास चरण्याइतकेच. (आधी डाउनलोड, मग प्रोसेसिंग.) गवतातला सेल्युलोज फोडतात ते कोठीपोटातले सूक्ष्मजीव. त्यातले काही १८४३ साली ग्रुबी आणि देलाफों यांनी फ्रान्समध्ये पहिल्यांदा नोंदवले. पुढे हेच जीव पचून गाईला प्रथिनं मिळतात.

आमच्याकडे या यंत्रणेची परीक्षाच असते. सड्यावरचं गवत पावसाळ्यापुरतं हिरवं. दिवाळीनंतर ते वाळतं आणि मग भिस्त उडवीतल्या पेंढ्यावर. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ४ टक्के, सिलिका मात्र भरपूर. असा चारा सावकाशच पचतो. म्हणून इथली गाय अंगाने लहान, दूधही थोडंच. तिला 'कोकण कपिला' म्हणून अधिकृत जातीची नोंद मिळाली ती थेट २०१८ मध्ये. आणि म्हणून गोठण. सावली, वारा, कोरडी जमीन आणि घाई नाही. गाईच्या पोटाचं वेळापत्रक गावाने जमिनीवर आखून ठेवलं होतं.

१९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. सड्यावर काजू लागले, भोवती चिऱ्याचे गडगे उठले. चरायची वाट बंद झाली. तक्रार करायला मी कोण? माझ्या इंजिनीअरिंगची फी त्याच काजूतून गेली. आजोबांनी शेवटची गाय विकली, तेव्हा मी तिसऱ्या सेमिस्टरला होतो.

परवा गावी येताना दुपारी हायवेवर सात-आठ गुरं बसलेली दिसली. मागचे हॉर्न वाजवत होते. मीही वाजवला. मग काच खाली करून पाहिलं. सगळ्यांचे जबडे हलत होते.