नाव एक, चेहरे अनेक : नहपानाची नाणी

‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ‘मंदगोरा’ नावाचे बंदर येते. रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याच ग्रंथात ‘मँबनस’ नावाचा राजा आहे. बहुतेकांच्या मते तो क्षहरात क्षत्रप नहपान. आजचा धागा त्याच्या चेहऱ्याविषयी.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा ठेवा सापडला. एका बाजूस उजवीकडे पाहणारे राजमुख आणि भोवती ग्रीक अक्षरे; दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. तिन्ही लिप्यांत नाव एकच : नहपान.

मुखे मात्र एकसारखी नाहीत. कुठे भरल्या गालांचा तरुण, कुठे गालफडे बसलेला वृद्ध. नाक कुठे सरळ, कुठे बाकदार. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी १९०८ साली या ठेव्यावर लिहिताना तर्क केला, की ही मुखे राजघराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींची असावीत.

मला हे पटत नाही. स्वतःचे मुख कोरवून घेणारा आप्त स्वतःचे नाव का वगळील? नाशिक व जुन्नरच्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती राज्यवर्षे धरली, तर वार्धक्याचा उलगडा होतो. पण वयाने सरळ नाक बाकदार होत नाही! खरे कारण कारागिराकडे शोधावे. ठशात मुख उलटे आणि खोलगट कोरावे लागते, तेही नखाएवढ्या जागेत. ठसे झिजत, नवे घडत. नवा ठसा कोरणाऱ्यासमोर राजा नव्हे, जुने नाणे असणार. शिवाय व्यापारातून आलेल्या रोमन नाण्यांवरील सम्राटांची मुखेही होतीच. म्हणजे यांतील कित्येक चेहरे कदाचित कोणाचेच नव्हेत.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर ही नाणी वितळवली नाहीत. ठेव्यातील सुमारे ९,२७० नाण्यांवर त्याने आपली छाप मारली : एकीकडे तीन कमानींचा चैत्य, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. काही नाण्यांवर त्या छापेखालून जुने कपाळ, नाक किंवा ग्रीक अक्षरे अजून डोकावतात.

नाणेघाटातील लेण्यात नेमके उलट झाले आहे. तेथे सिमुक, नागनिका, सातकर्णी ही सातवाहनांची नावे भिंतीवर वाचता येतात. खालच्या मूर्तींची मात्र पावलेच तेवढी उरली आहेत.