बचावी टचडाउन : अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉल संघ

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात असताना बचाव करणाऱ्या संघाने तो हवेत पकडून, हिसकावून किंवा जमिनीवरून उचलून थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेला, तर सहा गुणांच्या या कामगिरीस बचावी टचडाउन म्हणतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कालूसा येथे असलेल्या अलाबामा विद्यापीठाचा संघ ‘क्रिमझन टाइड’ या नावाने ओळखला जातो व 1892 पासून तो हा खेळ खेळत आला आहे. या संघाच्या इतिहासात अशा टचडाउनना आकडेवारीपलीकडचे महत्त्व आहे. कारण त्याची अनेक विजेतेपदे आणि त्याचे काही अत्यंत जिव्हारी लागलेले पराभव, दोन्ही अशाच एखाद्या क्षणी ठरलेले आहेत.

व्याख्या आणि गणना

मैदानाची लांबी दोन गोलरेषांच्या दरम्यान 100 यार्ड असते व प्रत्येक टोकाला 10 यार्डांचे गोलक्षेत्र असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान 10 यार्ड पुढे सरकावे लागते. त्याच्या आक्रमक फळीचा सूत्रधार क्वार्टरबॅक असतो. तो चेंडू सहकाऱ्याकडे फेकतो किंवा धावण्यासाठी त्याच्या हाती देतो. बचावफळीचे मुख्य काम ही आगेकूच रोखण्याचे असले, तरी कबड्डीत चढाईपटूची पकड केल्यावर बचाव करणाऱ्या संघालाही गुण मिळतो, तसे येथेही बचावातून गुण मिळवता येतात.

बचावी टचडाउनचे दोन प्रमुख प्रकार आहेत. क्वार्टरबॅकने फेकलेला पास बचावपटूने हवेतच पकडला, तर त्यास इंटरसेप्शन म्हणतात, आणि तो चेंडू घेऊन बचावपटू गोलक्षेत्रापर्यंत पोहोचला, तर ती कामगिरी बोलीभाषेत ‘पिक-सिक्स’ म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या प्रकारात धावणाऱ्या खेळाडूच्या किंवा क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू निसटतो. या निसटण्यास फंबल म्हणतात. तो चेंडू उचलून बचावपटू गोलक्षेत्रात गेला किंवा प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रातच त्याने तो ताब्यात घेतला, तरी टचडाउन मिळते.

पंट, म्हणजे चेंडू हातातून सोडून तो जमिनीवर पडण्यापूर्वी मारलेली लाथ, परत आणून किंवा अडवून मिळवलेले टचडाउन ‘स्पेशल टीम्स’ या स्वतंत्र तुकडीच्या खात्यावर मांडले जाते, बचावफळीच्या नव्हे. हा भेद अलाबामाच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावा लागतो. 2 डिसेंबर 1972 रोजी प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठाच्या डेव्हिड लँगनरने अडवले गेलेले दोन पंट उचलून दोन टचडाउन केले आणि अलाबामाचा 17–16 असा पराभव झाला. 30 नोव्हेंबर 2013 रोजी ऑबर्नच्याच ख्रिस डेव्हिसने अखेरच्या क्षणी हुकलेली फील्ड गोलची (गोलखांबांमधून चेंडू मारण्याची) किक पकडून संपूर्ण मैदान पार केले आणि अलाबामा 34–28 असा हरला. हे दोन्ही प्रसंग अतिशय गाजलेले असले, तरी ते बचावी टचडाउनच्या यादीत बसत नाहीत.

नियमांचा परिणाम

महाविद्यालयीन फुटबॉलमधील जुन्या व नव्या काळांतील बचावी टचडाउनची तुलना करताना नियमांतील बदल लक्षात घेतले नाहीत, तर निष्कर्ष हमखास चुकतात. पुढे फेकलेला पास 1906 मध्ये नियमसंमत झाला; त्यापूर्वी आजच्या अर्थाचे इंटरसेप्शन संभवतच नव्हते. टचडाउनचे मूल्य सहा गुण असे 1912 मध्ये ठरले. 1929 मध्ये जमिनीवर पडलेला फंबल जेथे ताब्यात येईल तेथेच चेंडू मृत मानण्याचा नियम आला. परिणामी अनेक दशके बचावपटूला असा चेंडू उचलून धावण्याची मुभा नव्हती. त्याच्या संघाला केवळ चेंडूचा ताबा मिळत असे. 1990 मध्ये या नियमात अंशतः सूट मिळाली आणि 1992 पासून मैदानाच्या कोणत्याही भागातील फंबल पुढे नेण्याचा अधिकार बचाव करणाऱ्या संघाला मिळाला. त्यामुळे पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांच्या प्रशिक्षकपदाच्या काळातील (1958–82) बचाव कितीही कणखर असला, तरी आजच्या पद्धतीची फंबलवरची टचडाउन त्या काळाच्या नोंदींत शोधणे व्यर्थ आहे.

दुसरा बदल खेळाडूंच्या अदलाबदलीचा होय. 1941 ते 1952 या काळातील मुक्त अदलाबदलीवर 1953 मध्ये बंधने आली आणि ती 1965 पर्यंत पूर्णपणे उठली नाहीत. बंधनांच्या काळात तेच अकरा खेळाडू बहुधा आक्रमण व बचाव ही दोन्ही कामे करीत. म्हणून केवळ बचावासाठी घडवलेला विशेषज्ञ खेळाडू ही प्रामुख्याने नंतरच्या काळाची निर्मिती ठरते.

1992 चा हंगाम

जीन स्टॉलिंग्ज यांच्या मार्गदर्शनाखाली या हंगामात अलाबामाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद पटकावले, आणि त्याच्या अखेरच्या दोन्ही सामन्यांत बचावी टचडाउनचा निर्णायक वाटा होता. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठगटाचा विजेता ठरवणारा अंतिम सामना 5 डिसेंबर 1992 रोजी बर्मिंगहॅम येथे प्रथमच खेळला गेला. फ्लोरिडाविरुद्ध 21–21 अशी बरोबरी असताना व तीन मिनिटांहून थोडाच अधिक अवधी उरला असताना अँटोनियो लँगमने शेन मॅथ्यूजचा पास पकडून 27 यार्डांवरून टचडाउन केले आणि अलाबामा 28–21 असा विजयी झाला. हा पास पकडला गेला नसता, तर फ्लोरिडाला सामना जिंकणारी आगेकूच करण्यास पुरेसा वेळ होता; म्हणून संपूर्ण हंगामाचे भवितव्य या एका चालीवर अवलंबून होते, असे म्हणणे वावगे ठरत नाही.

1 जानेवारी 1993 रोजी न्यू ऑर्लीन्स येथे झालेल्या शुगर बोल या हंगामोत्तर सामन्यात अलाबामाची गाठ सलग 29 सामने जिंकून आलेल्या मायामीशी पडली. मायामीचा क्वार्टरबॅक जिनो टोरेटा हा त्या वर्षीच्या हाइझमन पारितोषिकाचा, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मानाचा, मानकरी होता. बचावाची आखणी करणारे बिल ऑलिव्हर यांनी या सामन्यात काही चालींच्या वेळी अकराही बचावपटू चेंडूसमोरच्या पहिल्या ओळीत उभे केले. त्यांपैकी कोण क्वार्टरबॅकवर धावून जाणार आणि कोण मागे सरकून पासची वाट अडवणार, हे चाल सुरू होईपर्यंत ओळखू येत नसे. मध्यंतराला 13–6 अशी असलेली आघाडी तिसऱ्या सत्रात वाढत असतानाच जॉर्ज टीगने टोरेटाचा पास पकडला आणि 31 यार्ड धावून गुणसंख्या 27–6 वर नेली. अंतिम निकाल 34–13 असा लागला. पुढे टीगने गोलक्षेत्राकडे सुसाट निघालेल्या लमार थॉमसला मागून गाठून त्याच्या हातातील चेंडू धावता धावता काढून घेतला. अलाबामाच्या नियमभंगामुळे चेंडूचा तो ताबा रद्द झाला व ती चाल नोंदींत गणली गेली नाही, तथापि मायामीचे निश्चित टचडाउन मात्र टळले.

निक सेबन यांची कारकीर्द

निक सेबन हे 2007 ते 2023 या काळात मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या पद्धतीत पासच्या वाटा झाकणाऱ्या मागच्या फळीला विशेष महत्त्व असे, आणि या काळातील बचावी टचडाउनमध्ये इंटरसेप्शनचे प्रमाण डोळ्यांत भरते. नोव्हेंबर 2008 मध्ये बॅटन रूज येथे लुइझियाना स्टेटविरुद्ध रशाद जॉन्सनने तीन पास पकडले व त्यांपैकी एक 54 यार्ड नेऊन टचडाउन केले. अतिरिक्त वेळेत गेलेला तो सामना अलाबामाने 27–21 असा जिंकला. 2013 मध्ये टेक्सस ए अँड एमविरुद्ध विनी सन्सेरीने जॉनी मँझेलचा पास पकडून 73 यार्डांचे टचडाउन केले. सामना 49–42 असा, म्हणजे अवघ्या एका टचडाउनच्या फरकाने, सुटला.

या काळातील सर्वांत परिचित टचडाउन मात्र मागच्या फळीतील चपळ खेळाडूचे नसून पुढच्या ओळीतील धिप्पाड मार्सेल डेरियसचे आहे. 7 जानेवारी 2010 रोजी पॅसाडिना येथील रोझ बोल मैदानावर टेक्ससविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला. टेक्ससचा मुख्य क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय हा डेरियसचाच धक्का लागून सुरुवातीला जायबंदी झाला होता आणि त्याच्या जागी गॅरेट गिल्बर्ट हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी खेळत होता. मध्यंतराला काही सेकंद उरले असताना गिल्बर्टने अगदी जवळच्या सहकाऱ्याकडे चेंडू खालून हलकेच ढकलला. तो त्याच्या हातांत न ठरता उसळला आणि डेरियसच्या हाती आला. सुमारे 135 किलो वजनाच्या या खेळाडूने आडव्या आलेल्या प्रतिस्पर्ध्याला हाताने दूर लोटले, स्वतःभोवती गिरकी घेतली व 28 यार्डांचे अंतर कापून गोलक्षेत्र गाठले. त्यामुळे 17–6 ची आघाडी मध्यंतरापूर्वीच 24–6 झाली. टेक्ससने उत्तरार्धात कडवी झुंज देऊनही अलाबामाने सामना 37–21 असा जिंकला.

1 जानेवारी 2018 च्या शुगर बोलमध्ये, क्लेम्सनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, गणनेतील एक सूक्ष्म भेद स्पष्ट झाला. बचावफळीतील डॅरॉन पेनने प्रथम प्रतिस्पर्ध्याचा पास पकडला आणि त्यानंतर आक्रमक फळीत उतरून स्वतःच्या क्वार्टरबॅकचा पास घेत टचडाउन केले. करणारा बचावपटू असूनही हे टचडाउन आक्रमणाच्या खात्यावर जमा होते. थोड्याच वेळात मॅक विल्सनने 18 यार्डांचे पिक-सिक्स केले, ते मात्र खरे बचावी टचडाउन होय. अलाबामाने हा सामना 24–6 असा जिंकला.

2015 आणि 2016 चे हंगाम

बचावी टचडाउनच्या दृष्टीने हा संघाच्या इतिहासातील सर्वांत समृद्ध कालखंड म्हणता येईल. 17 ऑक्टोबर 2015 रोजी टेक्सस ए अँड एमविरुद्ध एकाच सामन्यात तीन पिक-सिक्स झाले. त्यांपैकी दोन मिन्का फिट्झपॅट्रिक या पहिल्या वर्षाच्या खेळाडूने आणि 93 यार्डांचे एक एडी जॅक्सनने केले. अलाबामाच्या 41–23 या विजयात जवळजवळ निम्मे गुण अशा प्रकारे आले.

2016 मध्ये अलाबामाच्या बचावफळीने एकूण 11 टचडाउन केले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध मार्लन हम्फ्रीने पिक-सिक्स केले. पुढे मिसिसिपीविरुद्ध संघ 24–3 असा पिछाडीवर पडला असताना पेनने प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात फंबल ताब्यात घेतला व जोनाथन ॲलनने दुसरा फंबल 75 यार्ड नेला. सामना 48–43 असा सुटल्याने यांपैकी एक टचडाउन कमी असते, तर पराभव अटळ होता. आर्कन्सॉविरुद्ध फिट्झपॅट्रिकने आपल्या गोलरेषेपाशी पकडलेला चेंडू थेट 100 यार्ड नेला. डिसेंबरमधील गटविजेतेपदाच्या सामन्यातही त्याने फ्लोरिडाविरुद्ध 44 यार्डांचे पिक-सिक्स केले आणि त्यामुळे कारकिर्दीत चार पिक-सिक्स करण्याचा संघातील विक्रम त्याच्या नावे झाला.

ऑक्टोबरमधील टेक्सस ए अँड एमविरुद्धच्या सामन्यातील चाल या हंगामातील बचावाचे स्वरूप नेमके दाखवते. रायन अँडरसनने क्वार्टरबॅकला गाठून त्याच्या हातातील चेंडू उडवला आणि ॲलनने तो उचलून 30 यार्डांवरून टचडाउन केले. हे दोघेही पुढच्या फळीतील खेळाडू होते, आणि एकाने निर्माण केलेल्या संधीचा दुसऱ्याने क्षणात लाभ घेतला. अशा टचडाउनमागे योगायोगापेक्षा क्वार्टरबॅकवर सतत ठेवलेला दबाव अधिक कारणीभूत असतो: घाई झालेला क्वार्टरबॅक चुकीच्या दिशेने पास फेकतो किंवा चेंडू सांभाळू शकत नाही, आणि संपूर्ण फळी चेंडूकडे धावत असल्यामुळे तो उचलणारा कोणीतरी जवळच असतो. 31 डिसेंबर 2016 रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या पीच बोलमध्ये अँडरसनने स्वतः 26 यार्डांचे पिक-सिक्स करून 24–7 या विजयाचा पाया घातला. त्यानंतरच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मात्र बचावी टचडाउन झाले नाही आणि क्लेम्सनने अखेरच्या सेकंदाला 35–31 अशी बाजी मारली.

विरुद्ध बाजूच्या नोंदी

अलाबामाविरुद्ध झालेली बचावी टचडाउनही या इतिहासाचा अविभाज्य भाग आहेत. जानेवारी 2019 मधील राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्लेम्सनच्या ए. जे. टेरेलने सुरुवातीलाच तुआ टागोवायलोआचा पास पकडून 44 यार्डांचे टचडाउन केले आणि अलाबामाला 44–16 असा मानहानिकारक पराभव पत्करावा लागला. त्याच वर्षी 30 नोव्हेंबर रोजी ऑबर्नच्या झकोबी मक्लेनने 100 यार्डांचे पिक-सिक्स केले; तो सामना अलाबामाने 48–45 असा गमावला.

जॉर्जियाशी झालेल्या दोन लढतींत हे दान दोन्ही बाजूंनी पडले. डिसेंबर 2021 मधील गटविजेतेपदाच्या सामन्यात जॉर्डन बॅटलने जॉर्जियाविरुद्ध 42 यार्डांचे पिक-सिक्स केले व अलाबामाने 41–24 असा विजय मिळवला. परंतु 10 जानेवारी 2022 रोजी राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जियाच्या केली रिंगोने ब्राइस यंगचा पास पकडून 79 यार्ड धाव घेतली आणि 33–18 या निकालावर शिक्कामोर्तब केले. 1980 नंतरचे ते जॉर्जियाचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद होते.

मूल्यमापन

बचावी टचडाउनमुळे विजय निश्चित होतोच असे नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये डॅलस टर्नरने 11 यार्डांवरून फंबलचे टचडाउन करून अलाबामाला टेनेसीविरुद्ध आघाडी मिळवून दिली, तरीही सामना 52–49 असा हातचा गेला. असे असले, तरी या प्रकारच्या टचडाउनचा परिणाम त्याच्या सहा गुणांपेक्षा मोठा असतो, कारण त्यात प्रतिस्पर्ध्याची गुण मिळवण्याची संधी हिरावली जाते आणि तीच आपल्या खात्यावर जमा होते. बरोबरीत असलेल्या सामन्यातील लँगमची धाव व मध्यंतरापूर्वीची डेरियसची धाव यांचे ऐतिहासिक मोल याच दुहेरी परिणामात आहे. अलाबामाच्या बचावाची थोरवी ठरवताना केवळ टचडाउनची बेरीज पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. ती कोणत्या नियमांखाली, कोणत्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आणि सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर झाली, हे एकत्र पाहिले, तरच या नोंदींना अर्थ प्राप्त होतो.