औट्रमचे नाव आणि भिल्लांच्या बंदुका

भारतीय सेनेतील राजपुताना रायफल्सची चौथी पलटण ‘औट्रम्स’ या नावाने ओळखली जाते. 1820 साली उभी राहिलेली मुंबई इलाख्याची ही पायदळ पलटण 1903 मध्ये ‘123 औट्रम्स रायफल्स’ झाली, 1922 च्या पुनर्रचनेत राजपुताना रायफल्समध्ये गेली. याच पलटणीतले रिछपाल राम 1941 साली केरेनला आणि छेलू राम 1943 साली ट्युनिशियात पडले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती नावे टिकली हे योग्यच झाले. पण ज्याचे नाव या पलटणीने धारण केले, त्या जेम्स औट्रमची कीर्ती सुरू झाली ती खानदेशात, आणि ती भिल्लांच्या खांद्यावरून.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुड्याचे आणि सातमाळ्याचे घाट भिल्ल नाईकांच्या हाती होते. घाटांची राखण हे त्यांचे जुने काम आणि वसुली हा जुना हक्क. होळकरशाहीतल्या लुटालुटीने आणि 1803-04 च्या दुष्काळाने मुलूख उजाड झाला होता. त्यात हे हक्क तुटले. भिल्लांनी हत्यार धरले. सरकारने त्याला ‘उपद्रव’ म्हटले आणि अनेक वर्षे फौजा पाठवल्या. डोंगरात तापाने शिपाई मरू लागले, भिल्ल हाती येईनात. तेव्हा एल्फिन्स्टनने दुसरा उपाय काढला, भिल्लांवर भिल्लच नेमायचे. 1825 साली बावीस वर्षांच्या औट्रमने भिल्ल पलटण उभारायला घेतली. धरणगाव हे तिचे ठाणे झाले.

औट्रम भिल्लांबरोबर शिकारीला जाई. 1825 ते 1834 या काळात त्याच्या नावावर 191 वाघ नोंदले आहेत. हाका कोणी घातला, माग कोणी काढला हे त्या आकड्यात येत नाही!

मला मात्र वाघांपेक्षा दुसरी एक नोंद महत्त्वाची वाटते. ही नवी पलटण मालेगावच्या छावणीत गेली तेव्हा तिथल्या उच्चवर्णीय शिपायांनी भिल्लांना जवळ बसवले, पानसुपारी दिली, असे इंग्रज अधिकाऱ्यांनी आनंदाने लिहून ठेवले आहे. शेजारी बसू देणे ही लिहून ठेवण्याजोगी घटना होती, यातच आपली समाजव्यवस्था आली. गणवेशाने एका दिवसापुरती का होईना, ती भिंत खाली आणली. अस्पृश्यांना सैन्याची ओढ का होती, हे ज्यांना अजून कळत नाही त्यांनी या पानसुपारीचा विचार करावा.

पण याच बंदुकांचे तोंड कोणाकडे होते? खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटात आग्रा रस्त्याची राखण करणारा सरकारी नोकर. 1857 साली तो उलटला. एप्रिल 1858 मध्ये सातपुड्यातल्या अंबापाणीला त्याच्या माणसांशी लढाई झाली, तेव्हा सरकारी फौजेत भिल्ल पलटणही होती. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी अनेकांना जागच्या जागी खटला चालवून गोळ्या घातल्या गेल्या.

औट्रम 1863 मध्ये वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले, 1871 मध्ये लंडनला थेम्सकाठी पुतळा बसवला. ॲबीतल्या स्मारकावर त्याच्यासाठी शोक करणारा एक भिल्ल कोरलेला आहे. त्याला नाव नाही. तो फक्त ‘भिल्ल’ आहे.

कोरेगावच्या स्तंभाशी हे ताडून पाहावे. तोही इंग्रजांनीच स्वतःच्या विजयासाठी उभारला. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली, आणि ‘नाक’ प्रत्ययाची ती नावे पुढे आपल्या कामी आली. 1890 नंतर ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबवली गेली, तेव्हा 1894 मध्ये गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, तो पूर्वजांच्या सैनिकी सेवेचा दाखला देऊनच. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. दगडावर नाव होते म्हणून वारस उभा राहू शकला.

भिल्ल पलटणीचे तसे झाले नाही. ती मुलकी बंदोबस्तासाठी काढलेली स्थानिक पलटण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलिसांत विरघळली. सैन्यात पलटणीला इतिहास असतो, निशाण असते, वर्षातून एकदा मेलेल्यांची आठवण काढणारी नवी पिढी असते. पोलिसांत मिसळलेल्या पलटणीची आठवण कोण काढणार? साहेबाचे नाव तेवढे दुसऱ्या पलटणीने जपले, आणि तीत भिल्ल नव्हते.

काही मित्र म्हणतात, परक्यांची चाकरी केलेल्यांची स्मारके कशाला? हा प्रश्न ते राजेरजवाड्यांच्या वंशजांना विचारत नाहीत. तरीही तो खोटा नाही. अंबापाणीला दोन्ही बाजूंनी भिल्ल होते. एका बाजूला पगार होता आणि दुसऱ्या बाजूला गेलेला हक्क. उद्या धरणगावला दगड उभा राहायचा असेल, तर त्यावर पलटणीतल्या शिपायांची नावे येतील, की अंबापाणीला गोळ्या खाल्लेल्यांची, की दोघांचीही, हे धुळ्या-जळगावच्या भिल्ल तरुणांनी ठरवायचे आहे. आपण फार तर त्यांच्याबरोबर बसून जुनी दप्तरे वाचू.