निलंबनाचा आदेश आला तर? सरकारी नोकरीचे संरक्षण समजून घ्या

सरकारी नोकरी म्हणजे पक्की नोकरी, असे घराघरांत म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सरकारी कर्मचाऱ्याला काढता येते, पण एरवी त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय काढता येत नाही. आणि हा हक्क वेळेवर वापरला नाही तर वाया जातो.

संविधानाचे कलम 311

नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही. बडतर्फी, सेवेतून काढणे किंवा पदावनती करण्याआधी आरोप कळवून चौकशी करावी लागते. अपवाद तीन: फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरणे, चौकशी करणे व्यवहार्य नसणे (याची कारणे लेखी द्यावी लागतात) आणि राज्याची सुरक्षितता.

निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे

निलंबन ही शिक्षा नाही. नोकरी कायम असते. पोलीस कोठडीत 48 तासांपेक्षा जास्त काळ गेला तर राज्य कर्मचारी निलंबित मानला जातो. या काळात निर्वाह भत्ता मिळतो. तो सुरुवातीला साधारण अर्धा पगार आणि त्यावरचा महागाई भत्ता इतका असतो. तीन महिन्यांनंतर तो वाढू किंवा घटू शकतो. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचा दाखला मात्र द्यावा लागतो.

तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अजयकुमार चौधरी प्रकरणात 2015 मध्ये सांगितले. राज्य शासनानेही 2019 मध्ये त्यानुसार शासन निर्णय काढला.

चौकशीत काय करावे

भीतीने किंवा रागाने नोटीस नाकारणे ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट. कर्मचारी हजर राहिला नाही तर चौकशी एकतर्फी चालते. म्हणून नोटीस घ्या, मुदतीत लेखी उत्तर द्या, कागदपत्रांच्या प्रती मागा, साक्षीदारांची उलटतपासणी घ्या. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच सांभाळा.

दाद कुठे मागायची

- राज्य शासनाचे कर्मचारी: शिक्षेच्या आदेशावर 45 दिवसांत वरिष्ठांकडे अपील. नंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे त्याचे कामकाज चालते. अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो.
- जिल्हा परिषद: नियम वेगळे. विभागीय अपिलानंतर उच्च न्यायालय, मॅट नाही.
- खाजगी अनुदानित शाळा: 1977 चा कायदा. काढून टाकल्यास 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. उर्दू शाळांतील शिक्षकांनी ही मुदत पाठच करून ठेवावी.
- एसटीसारखी महामंडळे: कलम 311 लागू नाही, तेथे कामगार कायदे आणि महामंडळाचे सेवा नियम चालतात.

कंत्राटी कर्मचारी

2006 च्या उमादेवी निकालानुसार नुसती जास्त वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मात्र हाच निकाल पुढे करून वर्षानुवर्षे राबवलेल्या माणसांना डावलू नये, असे न्यायालयाने डिसेंबर 2024 च्या जग्गो प्रकरणात बजावले. त्यामुळे नेमणुकीची जाहिरात, आदेश आणि हजेरीचे पुरावे जपून ठेवा.

नेमणूक आदेश, सेवापुस्तकाची प्रत आणि पगारपत्रके एका फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. कर्मचारी स्वतः अडकलेला असेल तेव्हा धावपळ घरच्यांनाच करावी लागते.